लिफ्ट अडकलीय की नेट? जुनं ॲनिमे आजच्या डोळ्यांना कुठे अडखळवतं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. अकरावीत आहे. सप्टेंबरात 'डीमन स्लेअर' या ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट आला तेव्हा दोनदा थिएटरात जाऊन आलेला, एकदा हिंदीत आणि एकदा जपानीत. फराळाच्या ताटावर बसून त्याने मला त्या किल्ल्याच्या फिरत्या भिंतींचं इतकं वर्णन ऐकवलं की चकली हातातच राहिली. मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, आता आमच्या वेळचं बघ. आणि 1995 सालचं 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' लावलं.

चार दिवसांत आम्ही बाविसाव्या भागापर्यंत आलो. त्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. एक आसुका, दुसरी रेई. दोघीही गप्प. लिफ्टच्या यंत्राचा आवाज येत राहतो. बाकी काहीच होत नाही. दहा सेकंद गेले, वीस गेले, तीस गेले. भाच्याने रिमोट उचलला.

"मामा, नेट गेलं तुझं."

नेट गेलेलं नव्हतं. ते दृश्यच तसं आहे, जवळपास मिनिटभर. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आजच्या ॲनिमेवर वाढलेल्या पोराला जुनं आवडेल का, या प्रश्नाला आमच्या पिढीचं ठरलेलं उत्तर म्हणजे "अरे, क्लासिक आहे ते". त्यांच्या पिढीचं म्हणजे "ग्राफिक्स जुने आहेत". दोन्ही उत्तरांतून हाती काही लागत नाही. कारण 'जुनं' या एका शब्दात आपण चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. चित्रं किती काढली, कशावर काढली, कशाने टिपली, आणि ती किती संथपणे वाढली. यातल्या काही गोष्टी खरोखर खटकतात, काही उलट आजच्या पोरांना भुरळ घालतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्र फारसं जुनं होत नाही. जुनं होतं ते त्या मालिकेचं वेळापत्रक.

सेकंदाला चोवीस, पण चित्रं आठच

शाळेत वहीच्या कोपऱ्यात पानोपानी उडी मारणारा माणूस सगळ्यांनीच काढलाय. पानं फरफरवली की तो उडतो. ॲनिमेशन म्हणजे तेच. फिल्मवर एका सेकंदात 24 फ्रेम जातात. प्रत्येक फ्रेमसाठी वेगळं चित्र काढलं तर हालचाल लोण्यासारखी दिसते. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला 12 चित्रं पुरतात. तीन फ्रेम ठेवलं तर 8. जपानी टीव्हीचा संसार मुख्यतः या तीनच्या हिशेबावर चालत आला.

का ते आकड्यात बघू. टीव्हीच्या एका भागात साधारण 22 मिनिटांची गोष्ट असते. म्हणजे 1,320 सेकंद, म्हणजे 31,680 फ्रेम. दर आठवड्याला एवढी चित्रं हाताने काढायची म्हटलं तर स्टुडिओ दुसऱ्या भागालाच झोपेल. म्हणून एका भागाचं गणित तीन-चार हजार चित्रांच्या आसपास बसवतात. उरलेलं काम युक्तीचं.

या युक्त्यांचं घराणं ओसामू तेझुका यांच्यापासून सुरू होतं. 1 जानेवारी 1963 रोजी त्यांचा 'ॲस्ट्रो बॉय', जपानी नाव 'तेत्सुवान आतोमु', टीव्हीवर आला आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाचं कार्टून ही गोष्ट जपानमध्ये रुळली. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे. एकच लांब चित्र काढून त्यावरून कॅमेरा सरकवायचा. रोबो उडतानाचं दृश्य एकदा काढलं की जपून ठेवायचं आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायचं. या साठवणीला ते लोक 'बँक'च म्हणत. ठेव ठेवायची, लागेल तशी काढायची.

आता गंमत अशी की आजच्या टीव्ही ॲनिमेतही बरीचशी दृश्यं दोनच्या नि तीनच्याच हिशेबावर असतात. भाच्याला हे पटेना. त्याच्या लाडक्या मालिकेतला एक साधा संवादाचा प्रसंग लावून आम्ही फ्रेम-फ्रेम पुढे सरकवला. एक, दोन, तीन, आणि मग ओठ हलले. एक, दोन, तीन, पुन्हा हलले. "म्हणजे हे पण पाट्याच टाकतात?" तो म्हणाला. पाट्या नाही टाकत. पण जे त्याला गुळगुळीत वाटतं, ते बरंचसं चित्रांच्या संख्येतून आलेलं नसतं. ते वरून चढवलेलं असतं. कॉम्प्युटरवर चित्रं एकत्र जोडताना प्रकाश, धूळ, ठिणग्या, धुकं, फिरणारा त्रिमिती कॅमेरा, सगळं त्यात मिसळतात. 'डीमन स्लेअर' करणारा युफोटेबल स्टुडिओ या जोडकामात वस्ताद आहे. नव्या ॲनिमेची झळाळी पुष्कळदा तिथे असते, चेहऱ्याच्या हालचालीत नव्हे.

शिवाय चित्रं जास्त म्हणजे काम चांगलं, हाही गैरसमजच. तबल्यात सम असते तशी खालीही असते. सगळ्याच मात्रा सारख्या जोरात वाजवल्या तर ताल राहत नाही. योशिनोरी कानादा नावाचे ॲनिमेटर चित्रं मुद्दाम गाळत. पात्र एका वेड्यावाकड्या ढबीतून थेट दुसऱ्या ढबीत झेपावे, मधला प्रवास जवळजवळ नाहीच. त्यामुळे ठोसा बसतो तो डोळ्यांना बसतो. इचिरो इतानो यांनी 1982 च्या 'मॅक्रॉस'मध्ये क्षेपणास्त्रांचा असा थवा सोडला की धुराच्या शेपट्या पडद्यावर नागासारख्या वळवळत गेल्या. त्या प्रकाराला चाहते आजही 'इतानो सर्कस' म्हणतात. आजच्या मारामाऱ्यांत जे ताणलेले हात, मोडलेले कोन, अचानक बदलणारा वेग दिसतो, त्यातलं खूपसं या मंडळींचं देणं आहे. पोरं नव्यात ज्याच्यावर जीव टाकतात, ते जुन्यांच्याच परसातलं रोप आहे.

इथे एक कामाची सूचना, घरच्या टीव्हीबद्दल. हल्लीच्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करायचं एक सेटिंग असतं, आणि बऱ्याच सेटमध्ये ते चालूच येतं. टीव्ही दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या मनाने तिसरी बनवून घालतो. क्रिकेटला ठीक आहे. पण ॲनिमेटरने विचार करून सोडलेली जागा टीव्ही चिखलाने भरून टाकतो, रेषा थरथरतात, ठोशाचा जोर जातो. जुनं ॲनिमे 'विचित्र दिसतं' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं हे सेटिंग बंद केलं की बरं होईल असा माझा दाट संशय आहे. आणखी एक. जुन्या मालिका चार-तीनच्या चौकोनी चौकटीत काढलेल्या आहेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्या. पडदा भरायच्या नादात ताणू नका. काही जुन्या मालिका रुंद पडद्यात बसाव्यात म्हणून वरून-खालून छाटूनही विकल्या गेल्या. त्यात पात्रांची डोकी गेली.

रेषा पुढून, रंग मागून

जुन्या देवघरांत काचेवर मागच्या बाजूने रंगवलेली देवादिकांची चित्रं असत. संगणक येण्याआधी ॲनिमेची चित्रं ज्यावर रंगवत तो सेल म्हणजे साधारण तोच प्रकार, फक्त काचेऐवजी पारदर्शक ॲसिटेटचा पातळ पत्रा. कागदावरच्या चित्राची रेषा पत्र्याच्या पुढच्या बाजूवर उतरवायची, पत्रा उलटा करायचा आणि मागून रंग भरायचा. मागून, म्हणजे रेषेवर ब्रश गेला तरी पुढून रेषा कोरीच दिसते. रंग वाळला की तो सेल पोस्टर कलरने रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचा, वर काच दाबायची, आणि कॅमेऱ्याने एक फ्रेम टिपायची. मग पुढचा सेल. पुन्हा काच. पुन्हा एक फ्रेम.

यात भानगडी किती! तीन-चार सेल एकावर एक आले की खालच्याचा रंग किंचित मळकट दिसे, म्हणून खालच्या थराला मुद्दाम उजळ रंग मिसळावा लागे. काचेखाली धुळीचा कण राहिला की तो पडद्यावर शेंगदाण्याएवढा. जुनं ॲनिमे नीट बघितलंत तर कधी असा कण क्षणभर चमकून जाताना दिसतो, कधी सेलच्या कडेची बारीक सावली पार्श्वभूमीवर पडलेली दिसते. मला ते बघायला आवडतं. कुणाचा तरी हात तिथून गेलाय हे कळतं.

आणि उजेड. आज चमक दाखवायची तर संगणकात एक थर वाढवतात. तेव्हा काळ्या कागदाला भोक पाडून खालून खराखुरा दिवा लावत आणि तीच फिल्म मागे घेऊन दुसऱ्यांदा टिपत. म्हणजे पडद्यावरची लेझर, निऑनची पाटी, गाडीचा दिवा हा रंग नसून खरोखरचा प्रकाश असे, फिल्मवर थेट भाजलेला. त्याच्या कडा किंचित फुटतात, पसरतात. कात्सुहिरो ओतोमो यांच्या 1988 च्या 'आकिरा'मध्ये रात्रीच्या निओ-टोकियोतून मोटारसायकली धावतात आणि मागच्या दिव्याची लाल रेघ हवेत रेंगाळते. तो चित्रपट दीड लाखाहून जास्त सेलवर उभा आहे. 327 रंगछटा वापरल्या, त्यातल्या 50 खास त्याच्यासाठी बनवल्या, कारण बहुतेक गोष्ट रात्री घडते आणि रात्रीला नुसता निळा लावून भागत नाही. संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि ओठ नंतर आवाजावर बेतून काढले. जपानमध्ये रीत उलटी, आधी चित्र आणि मग आवाज. भाच्याला मी 'आकिरा'ची पहिली दहा मिनिटं दाखवली तेव्हा त्याने एकदाही फोन उचलला नाही. "हे हाताने?" एवढंच दोनदा विचारलं.

आता सगळ्यात उलटीपालटी गोष्ट. जितकं जुनं तितकं धूसर, असं आपल्याला वाटतं. पण 'आकिरा' 35 मिलिमीटरच्या फिल्मवर आहे. फिल्म जपलेली असेल तर ती आजच्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करता येते आणि 4के पडद्यावर तिचा कण न् कण दिसतो. टीव्ही मालिका बहुधा 16 मिलिमीटरवर असत, त्यांतूनही आजच्या टीव्हीला साजेसं चित्र निघतं. खरी पंचाईत झाली ती मधल्या भावाची. नव्वदीच्या अखेरीस स्टुडिओंनी सेल सोडून संगणकावर रंगकाम सुरू केलं. घिबली या नामांकित स्टुडिओचा 1999 चा 'माय नेबर्स द यामादाज' संपूर्ण डिजिटल होता. टीव्हीवाल्यांनीही हळूहळू सेल गुंडाळून ठेवले. पण त्या वेळचे टीव्ही जाडजूड पेटीचे, कमी रेझोल्यूशनचे. मग मालिकाही तेवढ्याच रेझोल्यूशनच्या बनवल्या. 2002 ची 'नारुतो', 2003 ची 'फुलमेटल अल्केमिस्ट' यांना मागे फिल्मच नाही. जेवढं बनलं तेवढंच. ते फुगवून मोठं करता येतं, पण नसलेला तपशील कुठून आणणार? म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मालिका आज मोठ्या टीव्हीवर चाळिशीला टेकलेल्या 'आकिरा'पेक्षा म्हाताऱ्या दिसतात.

जाता जाता, टीव्हीवर सेल सगळ्यात शेवटी सोडले ते 'साझाए-सान' या घरगुती मालिकेने. 1969 पासून चालू आहे. तिथे 2013 पर्यंत सेल रंगवत होते.

वरणात पाणी

आता खरी अडचण. चित्राला पोरं सरावतात, दोन भागांत सरावतात. दमतात ती वेगाला.

'ड्रॅगन बॉल झेड'मधला तो प्रसिद्ध प्रसंग आठवा. खलनायक फ्रीझा सांगतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार. त्या पाच मिनिटांना नऊ-दहा भाग लागतात. आम्ही कार्टून नेटवर्कवर ते हिंदीत बघितलं तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही. शाळेतून यायचं, दप्तर टाकायचं, एक भाग बघायचा, उरलेला दिवस गॅलरीत उभं राहून केस वर करून आरोळ्या द्यायच्या. भाच्याने तेच भाग सलग लावले. तिसऱ्या भागाला म्हणाला, "हे नुसते ओरडतायत." त्याचं चूक नव्हतं.

असं का होतं? मूळ कथा साप्ताहिकात दर आठवड्याला थोडी थोडी छापून येत होती. टीव्हीचा भागही दर आठवड्याला. टीव्ही एका भागात छापील मजकुराची दोन-तीन प्रकरणं सहज खाऊन टाकतो. मग टीव्ही लेखकाच्या पुढे जाण्याची वेळ येते. अशा वेळी काय करणार? पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढवतात, तेच. टक लावून बघणारे चेहरे लांबवायचे. मागच्या भागाची उजळणी तीन मिनिटं करायची. मुख्य कथेशी संबंध नसलेले भाग घुसवायचे. 'नारुतो'च्या पहिल्या मालिकेचे 220 भाग आहेत, त्यातले 136 पासून शेवटपर्यंतचे बहुतेक असे पाणी घातलेले. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत सासूचं एक वाक्य आणि सहा जणांचे सहा चेहरे तीन-तीनदा दाखवतात, त्याच्या मागचा हिशेबही याहून फार वेगळा नाही.

ज्याने हे आठवड्याला एक या मापाने बघितलं, त्याला पाणी जाणवलं नाही. उजळणी तर उपयोगी होती, सात दिवसांत काय झालं ते विसरायला व्हायचं. आजचा प्रेक्षक रात्री अकराला बसून पहाटे तीनला उठतो. त्याला एकाच रात्रीत आठ वेळा तीच उजळणी बघावी लागते. औषध तेच, पण आठवड्याची गोळी एका घोटात घेतली.

आज कामाची पद्धतच बदललीय. बारा-तेरा भागांचा एक हंगाम करायचा, थांबायचं, मूळ कथा पुढे सरकली की दुसरा हंगाम. पाणी घालायची गरजच पडत नाही. बनवणाऱ्यांनाही हे कळलेलं आहे. म्हणून 2009 मध्ये 'ड्रॅगन बॉल झेड' पुन्हा कापून 'काई' नावाने आणली, आणि सेलच्या कथेपर्यंतचे 194 भाग निम्म्यावर आले. हा सेल म्हणजे खलनायक, ॲसिटेटचा पत्रा नव्हे. नवीन माणसाला मी तीच सुचवतो. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

पण पाणी आणि संथपणा यांत गल्लत नको. भाच्याच्याच आवडत्यांपैकी 'फ्रीरेन' बघा, 2023 ची. हजार वर्षांहून जास्त जगलेली एक एल्फ मेलेल्या मित्राच्या आठवणीत गावोगाव हिंडते. त्यात कित्येकदा काहीच घडत नाही. आणि तरीही याच पिढीने ती डोक्यावर घेतली. म्हणजे 'या पोरांना दम नाही' हे आमचं पालुपद खोटं आहे. त्यांना दम आहे. त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटायला नको, एवढंच.

मग लिफ्ट? ती पाणी की संथपणा? 'इव्हँगेलियन' बनवणाऱ्या गायनॅक्स स्टुडिओची शेवटच्या भागांत वेळेची आणि पैशाची ओढाताण झाली होती हे जगजाहीर आहे, आणि हलत नसलेलं चित्र स्वस्त पडतं हेही खरं. पण त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. अख्खी मालिका माणसं एकमेकांपर्यंत का पोचत नाहीत याच्यावर आहे. आपण लिफ्टमध्ये नको असलेल्या माणसाबरोबर अडकलो की आपल्यालाही मिनिट असंच लांब होतं, आकडे बघत बसतो. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी ते मिनिट आपल्यालाही उभं राहायला लावलं. काटकसर आणि कला एकाच चुलीवर शिजू शकतात. त्याआधी ओसामू देझाकी यांनी हेच केलं होतं. 1970 च्या 'आशिता नो जो'पासून त्यांची शैली घडत गेली. गोष्टीच्या ऐन टोकाला हालचाल थांबवायची आणि तो क्षण रंगीत खडूच्या रेखाटनासारखा गोठवायचा. त्याला 'पोस्टकार्ड' म्हणतात. आजही एखाद्या नव्या मालिकेत नायक कोसळता कोसळता अचानक खडबडीत चित्र होऊन थांबतो, तेव्हा ती देझाकींची सही असते.

नवा रंग चढवला तर?

मामोरू ओशी यांच्या 1995 च्या 'घोस्ट इन द शेल'वर हा प्रयोग होऊन गेलाय. 2008 मध्ये त्यांनीच '2.0' काढली. सुरुवातीची काही दृश्यं नव्याने संगणकावर त्रिमितीत केली आणि मूळचा हिरवट रंग बदलून तांबूस-पिवळा केला. आज दोन्ही शेजारी लावा. 2008 ची संगणकी मेजर, म्हणजे त्यातली नायिका, तेव्हाच्या व्हिडिओ गेममधून आल्यासारखी दिसते, आणि 1995 ची हाताने काढलेली अजून तशीच. तंत्र दाखवण्यासाठी म्हणून जे घातलेलं असतं, ते तंत्राबरोबरच शिळं होतं. म्हणून आज कुणी 'घोस्ट इन द शेल' बघायला निघालं तर त्याला 1995 चीच सुचवतात.

पूर्ण नव्याने केलेल्या आवृत्त्यांचं मात्र वेगळं आहे. 'उरुसेई यात्सुरा' 1981 ची, नवी 2022 ला आली. 'रानमा' 1989 ची, नवी 2024 ला. 'हंटर हंटर' 1999 आणि 2011. यातल्या कित्येक चांगल्या आहेत. शिवाय जुन्यातल्या काही गोष्टी आज खरंच खटकतात. 'ड्रॅगन बॉल'मधल्या मास्टर रोशीचे मुलींशी केलेले चाळे आम्ही खिदळत बघितले. भाचीसमोर ते लागले तेव्हा मी रिमोट शोधत होतो. तिथे 'काळ तसा होता' म्हणून मला काही वकिली करता आली नाही.

आपल्या घरातलं जुनं

आमच्या पिढीने पहिलं ॲनिमे बघितलं ते ॲनिमे आहे हे माहीत नसताना. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली यायचा. तो निप्पॉन ॲनिमेशनने 1989 मध्ये बनवलेला, 52 भागांचा. शेरखानला हिंदीत आवाज नाना पाटेकरांचा होता, आणि त्यामुळे आमच्या चाळीतला प्रत्येक पोरगा वाघाची नक्कल नानासारखी करायचा. आता मी म्हणतो की मोगली अजूनही सुंदर आहे. पण त्यात मोगली किती आणि रविवार सकाळचे पोहे किती, हे मला सांगता येणार नाही. म्हणूनच या बाबतीत माझ्यासारख्यांची साक्ष कच्ची. भाच्याची पक्की, कारण त्याला त्या पोह्यांचा वास आठवत नाही.

तशी एक परीक्षा 2025 च्या जानेवारीत झाली. युगो साको यांनी जपानमधून पुढाकार घेऊन केलेला 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' 4के करून आपल्याकडे थिएटरात लागला. नव्वदीच्या सुरुवातीचा चित्रपट. जपानी चमूबरोबर मुंबईचे राम मोहन त्यात दिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटियांचं. सेलवर, हाताने. मी गेलो तेव्हा हॉलमध्ये आजोबा-आजी आणि नातवंडंच जास्त होती. सुरुवातीला पुढच्या रांगेतला एक छोटा सारखा "हे कधी पळणार?" विचारत होता. कुंभकर्ण उभा राहिला आणि चौकटीत मावेना, तेव्हा तो खुर्चीवर चढून बसला. त्याला 1993 आणि 2025 मधला फरक कुणी सांगितलेला नव्हता.

मोठ्या पडद्याचा यात हात आहे, हे मान्य. 2025 मध्येच घिबलीचा 1997 चा 'प्रिन्सेस मोनोनोके' आयमॅक्सला परत लागला. हाताने रंगवलेलं जंगल एवढं मोठं दिसलं की पान न् पान मोजावंसं वाटतं. फोनच्या पडद्यावर तेच जंगल एक हिरवा डाग होतो. नवं ॲनिमे फोनवर तग धरतं, कारण त्याचे रंग कडक, रेषा स्वच्छ, चेहरे जवळून घेतलेले. जुन्याला अंधार आणि जागा लागते.

मग सुरुवात कुठून करावी? मला विचाराल तर 'काऊबॉय बीबॉप', 1998. शिनइचिरो वातानाबे यांचं दिग्दर्शन, योको कान्नोंचं जॅझ, एकूण 26 भाग, आणि बहुतेक प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा. पाणी नाही. सेलचा जमाना मावळायच्या अगदी तोंडावरचं काम, हात पूर्ण बसलेल्या माणसांचं. रोज एक बघा, जेवताना. एका बैठकीत संपवू नका. 'ॲस्ट्रो बॉय'ने सुरुवात करू नका, ते इतिहासाचं पुस्तक आहे, आधी गोडी लागू दे. 'लेजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' फार थोर आहे, पण 110 भाग आहेत आणि बरेचसे लोक बसून राजकारण बोलतात. ते ज्याला दिवाणखान्यातल्या चर्चा आवडतात त्याच्यासाठी.

भाचा नाशिकला परत गेल्यावर महिन्याभराने त्याचा फोन आला. बीबॉप संपवलं होतं, आकिराही पूर्ण बघितला होता. कॉलेजातल्या मित्राला घरी बोलावून त्याने इव्हँगेलियन लावलं होतं म्हणे. मी विचारलं, लिफ्टपर्यंत पोचलात का?

"पोचलो ना. मी काही बोललोच नाही, नुसता त्याच्याकडे बघत बसलो."

"मग?"

"उठून राउटर बंद-चालू करून आला."